‘करत नाही’ आणि ‘करवत नाही’



कामगार चळवळीतला मनुष्य व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनसवर बोलणार, नाही तर मालकवर्गावर, असे श्रोते धरूनच चालतात. त्यांचा तसा दोष नाही. पण आज मी एका अक्षरावर बोलणार आहे. ते अक्षर म्हणजे ‘व’.

‘मी काम करत नाही’ आणि ‘मला काम करवत नाही’ ही दोन वाक्ये घ्या. कागदावर त्यांत फार थोडा फरक दिसतो. पहिल्या वाक्यात माणूस कर्ता आहे. काम न करणे हे त्याचे कृत्य आहे, आणि त्याबद्दल त्याला जाब विचारता येतो. दुसऱ्या वाक्यात तो ‘मी’ उरतच नाही, ‘मला’ होतो. मन तयार आहे, देह साथ देत नाही, एवढे सगळे त्या एका ‘व’ने सांगितले. मो. के. दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली छापले गेले, ते मी वाचनालयात बसून जमेल तसे वाचले आहे. आपले व्याकरणकार अशा रूपाला ‘शक्य क्रियापद’ म्हणतात. मला चालवत नाही, मला बसवत नाही, घास गिळवत नाही, हे हाल बघवत नाहीत, ही सगळी त्याच घरातली भावंडे. शाळेत हा भाग दोन गुणांसाठी शिकवतात आणि परीक्षा झाली की विसरतात. कामगाराला मात्र तो नोकरीइतका महाग पडू शकतो.

आपल्या जिल्ह्यात लाकूडकटाईचा धंदा जुना, त्यामुळे ‘करवत’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दातांचे पातेच उभे राहते. शिवाय मुकादम दुसऱ्यांकडून काम ‘करवून’ घेतो, तिथेही हाच ‘व’. म्हणजे करवून घेणाराही ‘व’ वापरतो आणि ज्याला करवत नाही तोही. भाषेने दोघांना एकच अक्षर दिले आहे. त्यांतले पहिले हजेरीपटापर्यंत पोहोचते, दुसरे वाटेतच गळते.

ते कसे गळते, हे सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात (कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही) ठेकेदाराकडच्या एका तरुण हमालाची चौकशी लागली. दोन महिन्यांत अकरा खाडे, आणि कामावर असतानाही मधेच बसून राहतो, असे दोषारोपपत्र होते. पोरगा झाडीपट्टीतला. त्याचा जबाब घेतला तेव्हा मी त्याच्या बाजूने हजर होतो. तो म्हणाला, “सायेब, हातपाय गरून जातेत. माह्यानं काम होत नाही.” लिहिणाऱ्याने लिहिले : ‘अपचारी कामगार काम करत नसल्याचे कबूल करतो.’

त्या लेखनिकाचा काही दुष्टावा होता, असे मला वाटत नाही. तो घाटावरून आलेला होता, आणि ‘माह्यानं होत नाही’ हे त्याच्या कानाला नकारासारखे लागले. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. डोळ्याचा डोरा, तसे गळून जाण्याचे गरून जाणे. आणि पुस्तकी मराठीत जे ‘मला करवत नाही’, तेच आमच्याकडे ‘माह्यानं होत नाही’. त्यातला ‘माह्यानं’ म्हणजे ‘माझ्याच्याने’. जो कर्तेपणा त्या माणसाने मोठ्या प्रामाणिकपणाने अंगावरून काढून ठेवला होता, तो लेखनिकाने पुन्हा त्याच्या खांद्यावर ठेवला, आणि वर ‘कबूल करतो’ अशी गाठ मारली. मी ते वाक्य बदलून मागितले. त्यासाठी तासभर वाद झाला. शेवटी त्याचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात, लिहिले गेले. पुढे त्याचे रक्त तपासले, तेव्हा तो सिकलसेलचा रुग्ण निघाला. आरोप मागे घेतले गेले. त्या दिवसांची मजुरी मात्र मिळाली नाही. मराठीत माणूस थकतो तसा पगारही थकतो, आणि त्या थकलेल्या पैशाला आपण थकबाकी म्हणतो. माणसाच्या थकबाकीची नोंद ठेवणारी वही मी अजून पाहिलेली नाही.

आता शब्दांकडे वळू. देहाची शक्ती गेली हे सांगायला मराठीत किती शब्द आहेत, हे मी एकदा दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशातून आणि पाळी सुटण्याच्या वेळी फाटकाजवळ उभे राहून, अशा दोन्ही ठिकाणांहून गोळा करून पाहिले. फाटकाजवळचा संग्रह कोशाहून फारसा लहान नव्हता.

पहिला गट श्रमाचा : थकणे, दमणे, भागणे, शिणणे. हे चारही शब्द कष्ट करणाऱ्याचे आहेत, आणि चौघांच्या पोटात विसाव्याची आशा आहे. ‘दम’ हा फारसी शब्द, त्याचा अर्थ श्वास. दमलेला माणूस दम खातो, दम टाकतो आणि पुन्हा उठतो. भागलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण तेच रूप वापरतो जे तहानेला आणि गरजेला लावतो; तहान भागते, गरज भागते, माणूसही भागतो. शीण तर उतरतोच. पाण्याने उतरतो, झाडाखाली टेकल्याने उतरतो, घरी लेकराने पाठीवर पाय दिले तरी उतरतो. आणि या गटात वाक्याची ठेवण बघा : मी थकलो, मी दमलो, मी भागलो. येथे ‘मी’ ताठ उभा आहे. मी काम केले म्हणून मी दमलो, आणि यात थोडा अभिमानही असतो.

दुसरा गट निराळा. गळणे, खंगणे, झिजणे, वाळणे, खचणे. हे शब्द माणसासाठी तयार झालेलेच नव्हेत, असे वाटावे. पान गळते, दोर झिजतो, खोड वाळते, भिंत खचते. वस्तू निकामी होण्याचे हे शब्द आपण माणसाला लावले. आणि वाक्याची ठेवणही फिरते : हातपाय गळतात, अंगात त्राण नाही, अंगात जीव नाही, उभे राहवत नाही. ‘मी’ मागे सरला आणि देहाचे अवयव पुढे आले. ‘अवसान’ या शब्दाची तर मौज आहे. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ झाला बळ, धीर. अवसान गळाले असे आपण म्हणतो. शेवट हा अर्थ असलेल्या शब्दाला बळाच्या अर्थाने वापरणाऱ्या लोकांनी काय पाहिले असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो.

मधल्या वाटेवरचेही शब्द आहेत. मरगळ, कणकण, अंग मोडून येणे, ग्लानी, झीट, भोवळ. त्यांवर थांबत नाही. एवढेच सांगतो की कणकण ही तापाची आगाऊ खबर असते, आणि गडचिरोलीकडे हिवताप किती घरांत शिरतो हे ज्याला माहीत आहे, तो ‘अंगात कणकण आहे’ हे वाक्य हसण्यावारी नेणार नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की, विश्रांतीने जाणारा थकवा आणि विश्रांतीने न जाणारी अशक्तता यांत आपल्या भाषेने भिंत घातलेली आहे. रात्रभर झोपून जो उतरतो तो शीण. आठ दिवस निजूनही जो जात नाही तो रोग. हे शहाणपण कोणा वैद्याने शिकवलेले नाही. ते शब्दांच्या निवडीतच आहे.

आणि ते एकट्या मराठीचे नव्हे. आपल्या खाणींत आणि कारखान्यांत सिरोंचाकडचे तेलुगू बोलणारे लोक आहेत. ते थकव्याला ‘अलसट’ म्हणतात आणि अशक्तपणाला ‘नीरसम्’. मराठीत नीरस म्हणजे कंटाळवाणे. त्यामुळे एखादा तेलुगू गडी ‘नीरसम्’ म्हणाला तर मराठी मुकादमाला वाटते की याला कामाचा कंटाळा आला. एका शब्दाने दोन गावे कशी चुकतात पाहा. दूर चीनच्या दक्षिणेला आणि हाँगकाँगला कँटनी बोलतात. त्या बोलीत दमलेला माणूस म्हणतो ‘कुइ’. पण अंगात बळच उरले नसेल तर म्हणतो ‘मोउ लिक’, म्हणजे ‘बळ नाही’. पाय मऊ पडले, असेही तिथे म्हणतात. आपले हातपाय गळतात, त्यांचे मऊ पडतात. गोदीत ओझी वाहणारा तिथला हमाल आणि आपला हमाल समोरासमोर बसवले, तर ही गोष्ट दुभाष्यावाचूनही एकमेकांना कळेल.

या सगळ्या शब्दांना गिळून बसलेला एक शब्द आहे : कमजोरी. कमजोर हा फारसीचा. तो आपल्याकडे हिंदीच्या बोटाला धरून आला आणि घरचा झाला. त्याला आता ‘विकनेस’ हा इंग्रजी भाऊही मिळाला आहे. दवाखान्यात बाई जाते आणि म्हणते, “कमजोरी वाटते.” त्या एका शब्दात काय काय असते? कमी जेवण असते, अंगावरून जाणारे असते, वरचेवरची बाळंतपणे असतात, हिवतापानंतर राहिलेले रक्ताचे पाणी असते. पण कोणत्याही पुरुषापुढे, मग तो डॉक्टर का असेना, तिला एवढेच म्हणता येते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. शंभरांतल्या ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात आठ. उरलेल्या बायांचा रोग इतकी वर्षे कोणत्या शब्दाखाली झाकला होता? मला तर वाटते, पुष्कळसा कमजोरी या शब्दाखालीच.

आणि कमजोरीवर उपाय काय, तर सलाईन. बाटली लावली की बरे वाटते, असा आपल्याकडे गावोगावी भरवसा आहे. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या पाच टक्केवाल्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. बाकी पाणी. जुलाबाने सुकलेल्या माणसाला ती जीवदान देते, हे खरे. पण रक्त कमी असलेल्या बाईला ती साखरेच्या सरबताहून अधिक काही देत नाही, आणि तिची दोन दिवसांची मजुरी घेऊन जाते. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत शंभरांतल्या ५७ जणींचे रक्त कमी आहे, असे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. या ५७ जणींना बाटल्या लावत बसलो तर बाटलीवाल्यांचे भले होईल.

कामगार चळवळीचाही यात एक इतिहास आहे, तो सांगितला पाहिजे. थकव्यावर आपण लढलो आणि जिंकलोही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली. आठवड्याला एक सुट्टी हवी आणि दुपारी अर्धा तास विसावा हवा, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास आणि पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती घालून दिली. हे सगळे घड्याळाचे काम होते. थकवा घड्याळाने मोजता येतो. किती तास काम केले ते सांगा, किती विश्रांती हवी ते मी सांगतो. म्हणून त्यावर मागणी लिहिता आली, संप करता आला. अशक्तपणाला घड्याळ नाही. त्याचे माप रक्तात, आणि रक्त फाटकाजवळ दिसत नाही. म्हणून आमच्या मागणीपत्रकांत तो शब्द फार उशिरा आला, आणि अजून पुरता आलेला नाही.

एक परदेशातली गोष्ट सांगतो, कारण ती आमच्या धंद्याची आहे. स्वित्झर्लंडमध्ये गोथार्ड पर्वतातून पंधरा किलोमीटरचा रेल्वेचा बोगदा खणला जात होता. १८७२ मध्ये काम सुरू झाले. मजूर बहुतेक इटलीचे. हळूहळू हे दणकट लोक फिकट पडू लागले, चार पावलांत धापा टाकू लागले. बोगद्यातली हवा कोंदट आहे, सुरुंगाचा धूर आहे, उजेड नाही, अशी कारणे सांगितली गेली. १८८० साली इटलीतल्या तुरीनच्या पेरोंचितो नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी दाखवून दिले की या मजुरांच्या आतड्यांत अंकुशकृमी आहेत. बोगद्यात शौचाची सोय नव्हती, जमीन ओली आणि उबदार होती, तिथे अळ्या वाढत आणि कातडीतून अंगात शिरत. किडे आतड्याला चिकटून रक्त पीत. हवा बदलून तो अशक्तपणा जाणारा नव्हता. संडास आणि औषध, हे त्याचे उत्तर होते. आमच्या धानाच्या बांधीत अनवाणी पायांनी रोवणी करणाऱ्या बायांना हीच गोष्ट लागू आहे. कुलपाला कुलूपच म्हटले पाहिजे, म्हणजे किल्ली शोधता येते.

आता सिकलसेलविषयी. या रोगात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. धान कापायचा तो विळा; त्याचेच इंग्रजी नाव रोगाला मिळाले. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मोडते, म्हणून रक्त सदाच कमी. शिवाय या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटावीत अशा कळा येतात. फार श्रम, ऊन, पाणी कमी पडणे, ताप यांनी त्या कळा ओढवतात. म्हणजे आमच्या भागातल्या मे महिन्यातल्या कामाचा जणू तपशीलच. हा रोग १९१० साली शिकागोत पहिल्यांदा लिहिला गेला. भारतात तो १९५२ साली दोन ठिकाणी सापडला, निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत. नागपूरच्या डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील प्रमाणावर निबंध प्रसिद्ध केला. विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये तो अधिक आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला पुरता रोग होण्याचा संभव चारात एक. वाहक स्वतः सहसा धडधाकट असतो. म्हणून वाहक आणि रुग्ण यांत गफलत करून पोरीचे लग्न मोडू नका, हे जाता जाता सांगतो.

ज्या समाजांत हा रोग अधिक, नेमक्या त्याच समाजांविषयी गावच्या ओट्यांवर आणि कचेऱ्यांत काय बोलले जाते? ‘आळशी लोक. चार दिवस काम करतात, दोन दिवस पडून राहतात.’ चार दिवस काम आणि दोन दिवस पडून राहणे हे पुष्कळदा त्या रोगाचेच वर्णन असते. आळस हा स्वभावाचा शब्द, ग्लानी हा देहाचा. कोणत्या माणसाला कोणता शब्द लावायचा हे आपण त्याचे रक्त पाहून ठरवत नाही, त्याची जात पाहून ठरवतो. शहरातला सुखवस्तू मनुष्य थकला तर त्याला विश्रांतीची गरज असते, आणि कोलामाचा पोर थकला तर त्याला कामाची सवय नसते. हे वाक्य थोडे कडू लागले असेल. पण जिभेवर साखर ठेवून हा विषय बोलता येत नाही.

कायदा काही अंशी पुढे गेला आहे. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, आणि १ जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. पण कायद्याचे दार प्रमाणपत्राने उघडते, प्रमाणपत्र तपासणीने मिळते, आणि तपासणीला पाठवायचे की नोटीस द्यायची हे ठरते त्या पहिल्या कागदावर, जिथे मुकादम किंवा लेखनिक माणसाचे म्हणणे लिहून घेतो. म्हणून आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना दोन गोष्टी सांगतो. माणसाचे वाक्य त्याच्या बोलीत, त्याच्याच शब्दांत लिहायला लावा. शुद्ध मराठी नंतर करता येईल. आणि त्याला एक प्रश्न विचारा : “निजून उठल्यावर बरं वाटते का?” हो म्हणाला तर कामाचे तास बघा. नाही म्हणाला तर रक्त बघा. ही काही वैद्यकी नव्हे, आणि डॉक्टरमंडळींनी हसायला हरकत नाही. पण या एका प्रश्नाने कित्येक माणसे नोटिशीच्या वाटेवरून दवाखान्याच्या वाटेला लागली आहेत.

जिथे हजेरीपटच नाही, तिथे काय करायचे, हा प्रश्न उरतो. तेंदूपत्त्याचे काम असे आहे. पहाटे अंधारात बाया जंगलात जातात, ऊन चढण्याआधी परततात, सगळे घर बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधते, आणि संध्याकाळी ती फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, मोजली जातात. मजुरी शंभर पुडक्यांवर. इथे कोणी कोणाला आळशी म्हणत नाही, कारण कोणी कोणाला काही विचारतच नाही. काल दीडशे होती, आज साठ आहेत, एवढे वहीत उतरते. अशक्तपणाचा आकडा झाला आणि आकड्याला तोंड नसते.

परंतु आता गडचिरोलीतल्या पुष्कळ ग्रामसभा हा हंगाम स्वतः चालवतात, आणि वही गावच्याच पोरापोरींच्या हाती असते. अशा एका फळीवर मी मागच्या हंगामात गेलो होतो. बारावी झालेली एक मुलगी पुडकी लिहून घेत होती. तिच्या वहीत आकड्यांच्या पुढे समासात बारीक अक्षरांत काही लिहिलेले दिसले म्हणून मी वही मागून पाहिली. एका नावापुढे लिहिले होते : ‘आज चालवलं नाही. पोरानं आणले.’ दुसऱ्या एकीपुढे : ‘तीन दिवस झाले, बसूनच आहे.’ मी विचारले, हे कोणी लिहायला सांगितले? ती म्हणाली, कोणी नाही, पण नंतर हिशेबात भांडण होते, म्हणून लिहून ठेवते. रोवणीच्या आधी गावात आरोग्यसेविका आली, तेव्हा त्या वहीतली अशी सात नावे काढून त्या बायांचे रक्त तपासले गेले. पाच जणींना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि दोघींना पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले.

यंदा आम्ही आणखी काही गावांतल्या वह्यांना असाच रुंद समास आखून दिला आहे. हंगाम चालू आहे. वह्या पाहायला मला उद्या पहाटे निघायचे आहे, तेव्हा आपली रजा घेतो.